तायी कार्ड पिशवीतून बाहेर काढा

प्रश्न असा आला आहे: "आमचं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात महिला मंडळ आहे. मोलमजुरी करणाऱ्या गरोदर बायका तपासणीला उशिरा जातात, काही जातच नाहीत. त्यांच्यात जागृती करायची आहे. हाताशी चाळीस हजार रुपये आहेत. मराठीतून पत्रकं, एक मोठं शिबिर आणि डॉक्टरांचं व्याख्यान असं ठरवतोय. याचा उपयोग होईल का? आणखी काय करावं?"

ताई, शिबिराचे फोटो चांगले येतील. पाहुण्यांचा सत्कार होईल, कुंदा वाटला जाईल. समोर बसलेल्यांत निम्म्या आशाताईंनी बोलावून आणलेल्या असतील आणि बाकीच्यांना सातवा-आठवा लागलेला असेल. ज्या बाईला तिसरा महिना आहे ती त्या दिवशी भांगलणीला गेलेली असेल. मी एकतीस वर्षं सरकारी नर्स होते, आधी खानापूरकडच्या जंगलातल्या उपकेंद्रात, मग हुक्केरीत आणि शेवटी निपाणीच्या बाजूला. अशी शिबिरं मीही घेतली आहेत, म्हणून सांगते.

आपल्या बायकांना काहीच माहीत नसतं, असं धरून चालू नका. "तपासणीला का जायचं?" असं विचारलं तर दहातल्या आठ जणी बरोबर उत्तर देतात. अडतं ते पुढे. एक दिवसाचा खाडा कोण भरून देणार, सासूला काय सांगायचं, बस कुठली, आणि तिथे नर्सबाई कन्नडमध्ये काय बोलली ते कुणाला विचारायचं? पाचवी गोष्ट बाई बोलून दाखवत नाही, पण मला सगळ्यात मोठी वाटते: तपासून आल्यावर हातात पडलेल्या कार्डावर काय लिहिलंय हे तिला कळत नाही. कळत नाही म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली जातं. पुढच्या तपासणीला बाहेर येतं, शिक्का बसतो, परत आत.

तुमच्याकडचे सगळे पैसे आणि सगळी ताकद त्या पिशवीवर लावा, असं माझं मत आहे.

आपल्याकडे कर्नाटकात गरोदर बाईच्या या कार्डाला तायी कार्ड म्हणतात. तायी म्हणजे आई. ते कन्नडमध्ये असतं. मराठीत मिळावं ही मागणी रास्त आहे, तशा अर्जांवर मीही सह्या केल्या आहेत. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत पोट थांबत नाही. आणि एक गोष्ट मला फार उशिरा सुचली: कार्डावरची अक्षरं कन्नड असली तरी नर्स आकडे इंग्रजीत लिहिते. तेच आकडे बाई रोज मोबाइलवर बघते, बसच्या पाटीवर बघते. चौथी शिकलेलीलासुद्धा ते वाचता येतात. मग अक्षरांशी कशाला झगडायचं? आकडे शिकवा. शेजारचे तीन-चार कन्नड शब्द ओळखता आले की पुरे. तूक म्हणजे वजन, रक्तदोत्तड म्हणजे बीपी, हेरिगे म्हणजे बाळंतपण. रक्त तर दोन्हीकडे रक्तच.

पहिला आकडा अकरा. रक्ताचं प्रमाण, म्हणजे हिमोग्लोबिन, ११ च्या खाली गेलं की रक्त कमी. १० च्या खाली गेलं की नुसत्या गोळ्या घेते म्हणून गप्प बसायचं नाही, महिन्याने पुन्हा तपासून वाढलं का ते बघायचं. ७ च्या खाली म्हणजे त्याच दिवशी मोठा दवाखाना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांना रक्त कमी निघालं होतं, म्हणजे हा आकडा तुमच्या मंडळातल्या सुनांचाही आहे. दुसरा आकडा बीपीचा: वरचा १४० किंवा खालचा ९०, दोन्हींपैकी एकही तिथे पोचला की त्या दिवशी घरी परतायचं नाही, डॉक्टरांना भेटूनच निघायचं. तिसरं वजन, ते दर खेपेला थोडं तरी वाढलेलं हवं. चौथा आकडा नाही, अक्षर आहे: रक्तगट. त्यापुढे वजाबाकीचं चिन्ह असेल तर नवऱ्याचाही गट तपासायला सांगा, आणि सातव्या महिन्याच्या सुमाराला द्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायची आठवण करा. पाचवी गोष्ट म्हणजे बाळंतपणाची तारीख.

तारखेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा हिशेब तिथून सुरू होतो. "शेवटची पाळी कधी आली?" असं विचारलं की बाई नर्सच्या तोंडाकडे बघते आणि काहीतरी सांगून मोकळी होते. नर्स तेच लिहिते. मी तारीख विचारायचं सोडून दिलं होतं. "बेंदराच्या आधी का नंतर? नागपंचमीला डोक्यावरून पाणी घेतलं होतंस का? यल्लम्माच्या जत्रेला गेलीस तेव्हा बाहेरची होतीस का?" असं विचारलं की बायकांना दिवस चोख आठवतो. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात सण शोधायचा आणि तारीख काढायची. तुमच्या पत्रकांच्या पैशातून तीनशे कॅलेंडरं घ्या आणि नव्या लग्न झालेल्या प्रत्येक सुनेच्या घरी एक द्या. पाळी आली की त्या दिवसावर कुंकवाचं बोट. कुणाला काही बोलायला नको, आणि सासूलाही त्यात वावगं वाटत नाही.

कारण पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही आपली रीत. दृष्ट लागते, टिकत नाही, वगैरे. या रीतीशी मी वीस वर्षं भांडले आणि हरले. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. त्यानंतर चौदा ते सव्वीस आठवड्यांत एक तपासणी, अठ्ठावीस ते चौतीसमध्ये एक, छत्तिसाव्यानंतर एक, अशा किमान चार. रीत पाळली तर पहिलीच हुकते. नंतर मी भांडण सोडलं आणि म्हणायला लागले, "गल्लीत सांगू नको, मला सांग. नर्सला सांगितलेलं मोजत नाहीत." हसून सांगायच्या. तुमच्या मंडळातही प्रत्येक वाडीत अशी एक बाई ठरवा, जिला सांगितलेलं मोजत नाहीत. ती तोंडाची घट्ट हवी, बाकी शिक्षण असो नसो. आणि तिने आशाताईच्या हाताला हात लावून काम करावं, आशाला बाजूला सारून नव्हे. आशावर आधीच ढीगभर नोंदी असतात. कार्ड निवांत वाचून दाखवायला तिच्याकडे वेळ नसतो, तेवढंच तुम्ही करायचं आहे.

आता सासूबद्दल. जागृतीची पत्रकं सुनेसाठी छापतात, पण सुनेच्या पायातली चप्पल सासूच्या हो-नाहीवर निघते. गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजारसुद्धा घरच्या कर्त्या बाईच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी सासूच्याच खात्यात येतात. आणि सासू म्हणते, "आम्ही पाच काढली, शेतातनं येऊन. कुठली तपासणी नि कुठलं काय." यावर भाषण देऊ नका. मी एकच विचारायची, हळू आवाजात: "पाच झाली काकू, त्यातली जगली किती?" बहुतेकदा बाई गप्प व्हायची. हुक्केरीकडच्या एका म्हातारीने मला जावळ काढायच्या आधी गेलेल्या दोघांची नावं सांगितली होती. नावं, ठेवलेली. त्यानंतर सुनेच्या प्रत्येक तपासणीला तीच पुढे. कार्डसुद्धा तिच्याच कनवटीला. हा प्रश्न दुखरा आहे, चारचौघांत विचारायचा नाही, आणि विचारल्यावर उठून जायचं नाही, बसायचं.

लोहाच्या लाल गोळ्यांचं तेच. दवाखान्यातून रोज एक याप्रमाणे १८० गोळ्या मिळतात, बाळंतपणानंतर आणखी तितक्याच. गोळ्या घरात असतात, पण पोटात जात नाहीत. पत्र्याच्या डब्यात, देवळीत, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यावर पाकिटं सापडली होती. कारणं ठरलेली: शी काळी होते, मळमळतं, उष्ण पडतात, बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन पोट फाडावं लागतं. शी काळी होणारच, ते आधीच सांगून टाका म्हणजे घाबरत नाहीत. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर दोन तासांनी, झोपताना घ्यायला सांगा. चहाबरोबर तर मुळीच नको. आपल्याकडे चहा दिवसातून चारदा होतो आणि तो गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही, उलट लिंबू किंवा आवळा लागू देतो. कॅल्शियमची पांढरी गोळी वेगळ्या वेळेला. बाळ काळं होण्याच्या गोष्टीवर माझं उत्तर असायचं, "मग गोरं व्हायला तुमच्या घरात आधी कोण गोरं आहे ते दाखवा." ते मात्र ओळखीच्या घरीच बोलायचं.

रक्तावर मी एवढी का अडते ते सांगते. बाळंतपणात थोडं रक्त जाणारच. बारा हिमोग्लोबिनवाली ते सोसते, सातवाली सोसत नाही. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात के.एल.ई. या बेळगावच्या संस्थेच्या डॉक्टरांनी परदेशी डॉक्टरांबरोबर १६२० बायकांवर एक अभ्यास केला होता. बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येतं, हे त्यातून दिसलं. २००६ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर वाचला गेला. गोळ्या देणाऱ्या आमच्यासारख्या उपकेंद्राच्या नर्सच होत्या. पण गोळीने रक्त जायचं कमी झालं तरी आधीच नसलेलं रक्त ती आणून देत नाही, ते नऊ महिन्यांत भरावं लागतं.

जेवणाबद्दल फार शिकवू नका. नाचणी, शेंगा, शेवगा, मेथी, मसूर हे आपल्या घरात असतंच. प्रश्न तिच्या ताटात किती पडतं हा असतो, कारण ती शेवटी जेवते. अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण, अंडं आणि दूध मिळतं, २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजना राज्यभर आहे. तिथे जाऊन चारचौघींत बसून जेवायची लाज वाटते, आणि दुपारी ती रानात असते. तिघी-चौघी मिळून गेल्या तर जातात, एकटी जात नाही. हे जुळवून देणं व्याख्यानापेक्षा उपयोगाचं.

निपाणीच्या बाजूला काम करणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. तंबाखूच्या वखारीत आणि बिडी वळण्यात बायकांचे हात तंबाखूतच असतात, आणि सकाळी दाताला मिश्री लागतेच. "मी काही तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडातून रक्तात जाते, बाळाचं वजन घटवते, पोटातच मूल जाण्याचा धोका वाढवते. एका दमात सुटत नाही. चार वेळची दोनवर, दोनची एकीवर अशी उतरवली तर जमतं, आणि जिची सुटली तिच्याकडूनच दुसरीला सांगवायचं.

आता जे आपल्या सीमाभागातच घडतं त्याकडे येते. पहिलं बाळंतपण माहेरी. खानापूर, बेळगाव, निपाणीच्या कितीतरी सुनांचं माहेर महाराष्ट्रात, चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे असतं. सातव्यात ओटी भरली की पोरगी पलीकडे जाते. जाताना साड्या नेते, डबा नेते, कार्ड मात्र सासरच्या ट्रंकेत राहतं. तिकडे नवं कार्ड निघतं आणि आधीचे सहा महिने पुसले जातात.

अशी एक मुलगी माझ्या हद्दीतली होती. आमच्याकडे तिचं बीपी आधी ११०, मग १२४, मग १३४ असं चढत होतं. मी कार्डावर लाल पेनाने गोल केला होता. ते कार्ड घरी राहिलं. पलीकडच्या दवाखान्यात एकदा तपासलं तेव्हा १३६ भरलं. ज्याने तो एकच आकडा बघितला त्याला तो बरा वाटला, आणि एकच बघितला तर मलाही वाटला असता. नवव्या दिवशी तिला झटके आले. पोरगी वाचली, बाळ गेलं. तिची सासू नंतर ते कार्ड घेऊन माझ्याकडे आली आणि त्या लाल गोलावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय होतं?" मी गोल केला होता, पण घरातल्या कुणालाच तो वाचून दाखवला नव्हता.

म्हणून ओटीभरणाला जा. अंगणवाडीत सीमंताचा कार्यक्रम असतो तिथेही जा, पण घरच्या ओटीला जाच. कन्नडमध्ये मडिलू म्हणजे आपली ओटीच. खण, नारळ, तांदूळ घालताना वर तायी कार्ड ठेवा, सगळ्यांसमोर. ओटीतलं काही मागे ठेवून जात नाहीत, ही रीत आपल्या बाजूने आहे. कार्डाचे मोबाइलवर फोटो काढून मुलीच्या आईला आणि भावाला पाठवा. पलीकडच्या नर्सला कन्नड येत नसलं तरी आकडे वाचता येतात.

१०८ चंही, म्हणजे रुग्णवाहिकेचंही तसंच. नंबर दोन्हीकडे एकच. कडेच्या गावात फोन पलीकडच्या टॉवरला लागला तर गाडी भलतीकडे विचारली जाते, असं माझ्या बाबतीत तीनदा झालंय. फोन उचलल्या उचलल्या राज्य, तालुका, गाव या क्रमाने बोलायचं, मग त्रास. हे मुलींकडून दोन-तीनदा म्हणून घ्या, हसल्या तरी. कधी फोन करायचा तेही: अंगावरून रक्त, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, तोंडाला सूज, ताप, पाणी जाणं, आणि बाळ फिरायचं कमी होणं. शेवटचं बायका सगळ्यात उशिरा सांगतात.

पैशांच्या योजना एकदा नीट समजून घ्या आणि मगच बोला, कारण अर्धवट सांगितलं की बाईचा विश्वास उडतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि ने-आण २०११ पासून फुकट आहे. पहिल्या मुलाला मातृवंदना योजनेचे ५००० दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर ६०००. पहिल्या हप्त्याला सहा महिन्यांच्या आतली तपासणी लागते. अडतं ते आधार कार्डावर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असल्यामुळे. लग्न झालं की लगेच ते एकसारखं करून घ्यायला लावा. बस तर जून २०२३ पासून राज्याच्या गाड्यांत बायकांना फुकट आहे, म्हणजे "भाड्याला पैसे नाहीत" हे कारण बरंचसं गेलं. खाड्याचं राहिलं.

तिथे तुमचे चाळीस हजार उपयोगी पडतील. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात, २०१६ पासून हे सुरू आहे. वेगळं शिबिर भरवण्यापेक्षा तुमच्या बायकांना ९ तारखेला तिकडे न्या. जिचा खाडा होतो तिला अर्धी मजुरी द्या, सोबत कन्नड येणारी एक जण पाठवा. त्या दिवसाबद्दल मुकादमाला आधीच जाऊन सांगा, मंडळाच्या चार जणींनी मिळून. एकट्या बाईला जे नाही म्हणतो ते चौघींना म्हणता येत नाही. परत येताना बसमध्येच कार्ड उघडायचं आणि तिलाच वाचायला लावायचं: आज किती भरलं? मागच्या खेपेला किती होतं?

हिशेब ठेवायचा तर किती आल्या याचा नको. वहीत तीनच रकाने ठेवा: किती जणींची नोंद तीन महिन्यांच्या आत झाली, किती जणींचं रक्त दोनदा तपासलं, आणि किती कार्डं माहेरी गेली. पहिल्या वर्षी आकडे वाईट दिसतील, तरी तेच लिहा.

आणि हे सगळं मे महिन्याच्या आत सुरू करा. भीमगड अभयारण्यातली आमगाव, गवाळी, कृष्णापूर ही गावं किंवा कणकुंबीच्या बाजूच्या वाड्या तुमच्या हद्दीत येत असतील तर आषाढ-श्रावणात दिवस भरणाऱ्या बायकांची यादी वेगळी काढा. ओढे भरले की तिथून बाई खांद्यावरूनच आणावी लागते. मी तशा दोन आणल्या आहेत, एकीला वाटेतच कळा सुटल्या. त्या यादीतल्या प्रत्येकीला खानापूर गावात किंवा रस्त्यालगत कुठल्या नातेवाइकाकडे पंधरा दिवस आधी आणून ठेवता येईल, ते आत्ताच विचारून ठेवा. बहुतेक घरी आत्या नाहीतर मावशी निघते.